रॉकीची सही

त्या शनिवारी दुपारी विशाखा कांबळे दुकानाची पायरी चढली, तेव्हा अंबादासच्या डोक्यावर औषधालासुद्धा केस नव्हता, आणि पुढचं सगळं रामायण त्या एका गोष्टीमुळं घडलं.

आईचा नवस होता. पोराला कायमची नोकरी लागली की तिरुपतीला केस देईन, असं ती बोलून बसली होती. केस अर्थातच पोराचे. अंबादास उद्यमनगरातल्या कारखान्यात लेथवर कायम झाला आणि मायलेकरं तिरुपतीला जाऊन आली. खांद्यावर रुळणारे ते केस गेल्याचं दुःख अख्ख्या कोल्हापुरात दोघांनाच झालं. एक खुद्द अंबादास. दुसरा शिवाजी पेठेतला वाद्यांचा दुकानदार दादासो.

दादासोच्या दुःखाचं कारण दुकानाबाहेरच टांगलेलं होतं. भलामोठा रंगीत बोर्ड. त्यावर काळा गॉगल, खांद्यापर्यंत केस, छातीशी चकचकीत बेस गिटार, आणि खाली ठसठशीत अक्षरं : 'कोल्हापूरचा बेस किंग रॉकीकुमार याची एकच पसंती!' ऑर्केस्ट्रात बेस वाजवणारा रॉकीकुमार म्हणजेच कारखान्यात लेथ चालवणारा आपला अंबादास. परदेशी बेस घ्यायची ज्यांची ऐपत नाही अशा पोरांसाठी दादासोनं स्वस्तातला देशी बेस काढला होता, आणि प्रत्येक बेसवर चंदेरी रंगात रॉकीची सही होती. अगदी खरीखुरी सही हं! रविवारी सकाळी अंबादास दुकानात यायचा, चहा प्यायचा आणि ओळीनं मांडलेल्या गिटारींवर ब्रशनं सह्या ठोकत जायचा.

स्वतः मात्र तो ऑर्केस्ट्राचा जपानी बेस वाजवायचा. ज्यांच्यावर सह्या केल्या त्यातल्या एकाचीही तार त्यानं कधी छेडली नव्हती. का छेडावी? बोर्डावरचं स्वतःचं तोंड बघूनच त्याचं पोट भरत होतं.

तर अशा त्या दुपारी विशाखा आली. जूनचा शेवट होता, पाऊस लागून राहिला होता. तिच्या हातात छत्री होती, पण ती छत्री तिनं धरली होती काखेतल्या गिटारवर. गिटार कोरडी आणि बाई निथळत होती. कपाळावर चिकटलेली बट तिनं मनगटानं मागं सारली... आणि स्टुलावर बसलेला अंबादास उगाचच ताठ झाला.

"रॉकीचं दुकान हेच का?"

"दुकान माझं हाय," दादासो खुशीत आला. "या की बाई, बसा. रॉकी आपल्या घरचाच."

"मग बोलवा त्याला. मला त्याचं तोंड बघायचंय एकदा."

अंबादासला चाहत्यांची सवय होती. पण हे बोलणं चाहत्याचं नव्हतं. दादासोचं बोट त्याच्याकडं वळायच्या बेतात होतं, तेवढ्यात अंबादासनं असे डोळे वटारले की बोट वाटेतच कानामागं खाजवायला गेलं.

"रॉकी... बाहेरगावी गेलाय," दादासो म्हणाला. "का ओ? काय काम काढलंसा?"

विशाखानं अंबादासकडं पाहिलं. "पावणं, जरा सरका की."

पावणं सरकले. तिनं गिटार बाकावर ठेवली, गवसणी काढली, आणि बाजूला झाली. बेसची मान धनुकलीसारखी पुढं वाकली होती. तारा पट्टीपासून इतक्या उचलल्या गेल्या होत्या की खालून करंगळी सहज गेली असती. आणि त्या वाकड्या मानेखाली, लाकडावर, चंदेरी रंगात ऐटबाज सही झळकत होती. रॉकी. शेवटच्या वेलांटीला शेपटीसारखा झोकदार फराटा.

"आमची गायन पार्टी हाय गारगोटीला," ती सांगू लागली. शाळेत मास्तरीण होती, सांगायची पद्धत तशीच स्वच्छ. "माझे बाबा गातात. आकाराम कांबळे म्हटलं की भुदरगड तालुक्यात कुणीबी सांगंल. आजपातूर पेटी आणि ढोलकीवर गात आले. मीच मागं लागले, बाबा, आता नवा जमाना, बेस पाहिजे म्हणून. इथं आले, सही बघितली, नेली. जयंतीला पहिल्यांदा स्टेजवर घेतली. वाजवायला मीच."

अंबादासनं तिच्या बोटांकडं पाहिलं. ओल्या पदराचं टोक ती बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

"दिव्यांचा उजेड, एप्रिलचा उकाडा. दुसऱ्या गाण्यापातूर मोकळ्या तारेचा सूर उतरला आणि दाबलेल्या तारेचा चढाय लागला. माझ्या ध्यानातच येईना. बाबांच्या कानाजवळ माझाच स्पीकर. ते माझ्या सुराला धरून गेले... आणि पेटी एकीकडं, बाबा एकीकडं. पोरांनी शिट्ट्या मारल्या ओ. 'म्हातारबा, उतरा खाली' म्हणाले. बाबांनी गाणं अर्ध्यात सोडलं, चष्मा काढला आणि खाली उतरले. तवापासून गायलेले न्हाईत."

तिनं बेसची मान जरा उजेडाकडं वळवली.

"अख्खी मे महिन्याची सुट्टी मला वाटलं माझीच बोटं चुकली. बाबांच्या म्होरं उभं राह्यची लाज वाटायची. मग शाळा सुरू झाल्यावर एका सरांनी मान डोळ्याला लावून बघितली नि म्हणाले, बाई, ही वाकलीय." तिनं सहीवर बोट टेकवलं. "मला एवढंच विचारायचंय त्याला. सही करताना हात कसा थरथरला न्हाई ओ त्याचा?"

"असंल... घाईत असंल," अंबादास पुटपुटला.

"तुम्ही कोण त्याची बाजू घेणारं?"

हीच वेळ होती. 'मीच तो' एवढे दोन शब्द. पण तिचे डोळे असे समोर रोखलेले होते आणि अंबादासच्या जिभेनं ऐनवेळी दगा दिला.

"मी... अंबादास. दुरुस्ती करतो. द्या माझ्याकडं, सरळ करून देतो."

नाव अगदी खरं सांगितलं होतं, आणि तरी इतकं मोठं खोटं तो जन्मात बोलला नव्हता.

ती गेल्यावर दादासो पोट धरून हसला. "दुरुस्ती करतो म्हणं! आरं लेथवाल्या, सांगून टाकायचं की!"

अंबादास हसला नाही. उठून त्यानं भिंतीवरचा एक नवा बेस काढला, तारा जुळवल्या आणि एक सूर दाबला. मग दुसरा काढला. मग तिसरा. कोणाची मान धड होती, कोणाची वळायला लागली होती. सही मात्र सगळ्यांवर सारखीच दिमाखदार.

"दादासो, लाकूड कसलं घालतोस रे?"

"आंब्याचं. जरा ओलं असंल. स्वस्तात द्यायचं म्हणजे वाळवत कोण बसणार?"

अंबादासच्या कानाच्या पाळ्या तापल्या. वारणानगरच्या कॉलनीतली पोरं, कुठल्या कुठल्या गावची पोरं हे बेस छातीशी धरून घेऊन गेली होती. 'रॉकीनं सही केलीय' म्हणून गेली होती. त्यांच्यातल्या किती जणांना आपलीच बोटं चुकली असं वाटत असेल? मान वर करून बोर्डाकडं बघायची त्याला हिंमत झाली नाही.

शनिवारी सकाळची शाळा असते. ती सुटली की विशाखा एस.टी. पकडायची आणि दुपारी दुकानात हजर. दादासोनं मागची खोली अंबादासला दिली होती. तिथं त्यानं मानेवरची पट्टी उचलली, आत खोबण केली, मान आतून ताणून सरळ ठेवायला कारखान्यातून पोलादी सळई कातून आणली, तिला एका टोकाला आटे पाडले. पहिली सळई जाड झाली. दुसरी बसली, पण मान उलटी मागं गेली. पहिली चूक खरी होती. दुसरीबद्दल खात्री देता येत नाही. शनिवार संपू नयेत असं वाटणाऱ्या माणसाच्या हातून सळई कमीजास्त व्हायचीच.

"झालं का?" ती दारातूनच विचारायची.

"थोडं राहिलंय."

"मागच्या शनिवारी पण थोडंच राहिलं होतं."

"लाकूड हाय ते, बाई. आडमुठं असतंय."

"लाकूड का कारागीर?"

अंबादास खाली मान घालून हसायचा. ती समोरच्या खोक्यावर बसायची, ओल्या चपला बाजूला काढून. कधी गारगोटीच्या बाजारातले शेंगदाणे आणायची, कधी मुलांनी पाटीवर काढलेल्या तिच्या चित्राची गंमत सांगायची. आणि दादासो दर अर्ध्या तासानं काहीतरी शोधायच्या निमित्तानं आत डोकावून, काही न शोधता परत जायचा.

एक भानगड मात्र वाढत होती. ती म्हणजे अंबादासचे केस. जुलै निम्मा सरला तसा डोक्यावर काळा रंग धरला. आरशात बघावं तर बोर्डावरचा रॉकी हळूहळू वर येतोय असं वाटायचं. बोर्डाखालूनच ती ये-जा करत होती! अंबादास गुपचूप न्हाव्याकडं गेला आणि पुन्हा चकोट करून आला. ऑगस्टात पुन्हा. ऑर्केस्ट्रात उभं राहायला त्यानं केसांचा टोप घेतला होताच. आई मात्र चक्रावली.

"आरं, नवस एकदाच फेडायचा असतोय. दर म्हैन्याला काय?"

विशाखाच्याही ते ध्यानात आलंच. "तुमचं केस वाढतच न्हाईत व्हय ओ?"

"उष्णता उठलीय डोक्यात."

"भर श्रावणात?"

"जुनी हाय... अंगातली."

ती ओठ मुडपून हसली. "न्हाई, शोभतंय पण. डोकं गोल हाय तुमचं. माझ्या वर्गात असता तर फळ्यावर तुमच्याच डोक्याचं वर्तुळ काढून दाखवलं असतं."

त्या दिवशी मान पहिल्यांदा सरळ बसली होती. अंबादासनं तारा चढवल्या आणि बेस तिच्या मांडीवर दिला. तिनं तार दाबली, दात-ओठ खाऊन.

"एवढं जोरात न्हाई." त्यानं तिचं बोट जरासं सरकवलं, पट्टीवरच्या पडद्याच्या जवळ. सरकवलं आणि हात लगेच मागं घेतला. "बेस ऐकू आला पाहिजे असं न्हाई. तो नसला की कळला पाहिजे."

तिनं बेस त्याच्याकडं सरकवला. मग हळूच म्हणाली, "तुम्ही वाजवा की."

त्यानं वाजवलं. फार नाही, चार-सहा साधे सूर, फिरून फिरून तेच. बाहेर पाऊस जरा थांबला होता. ती गुडघ्यावर हनुवटी टेकून ऐकत होती, आणि अंबादासला कळलं की भरलेल्या मैदानानं टाळ्या वाजवल्या तेव्हाही आपल्याला असं कधी वाटलं नव्हतं.

"त्या रॉकीपेक्षा बरं वाजवताय."

"त्याला ऐकलंयसा?"

"न्हाई. आणि ऐकायचं पण न्हाई." चहा आला होता. तिनं कप त्याच्यापुढं सरकवला. "एक सांगू? तुमचं मला आवडतंय ते हेच. जे हाय ते सरळ. त्याच्यासारखी सही न्हाई, बोर्ड न्हाई, काय न्हाई."

चहाचा घोट अंबादासच्या घशात अडकला. 'आता सांग,' त्यानं स्वतःला बजावलं. 'आता!' त्यानं तोंड उघडलं...

"अगं बाई! गाडी जाईल माझी!" म्हणत ती उठली, छत्री उघडली आणि पायरी उतरली. वळून मात्र पाहिलं. तिनं वळून पाहिलं म्हणून तो आणखीनच मेला.

पुढच्या शनिवारी ती आली ती हातात गुलाबी हँडबिल फडकवतच.

"सापडला! गणपतीत येतोय गारगोटीला. बघा, 'प्रमुख आकर्षण रॉकीकुमार'. मी स्टेजवर चढणार आणि सगळ्या गावादेखत विचारणार त्याला. आणि तुम्ही यायचं माझ्यासंगं."

"मी? मी कशाला?"

"साक्षीला! मान कशी वाकली होती ते सांगायला. दुरुस्ती कुणी केली?" मग तिचा आवाज खाली आला. ती हँडबिलाची घडी घालू लागली, उलगडू लागली. "आणि... बाबांना पण भेटवायचं होतं तुम्हाला."

"का?"

"आता का म्हणजे..." ती लाल झाली. "तुम्हाला लाकडाचं कळतंय तेवढं दुसरं कायच कळत न्हाई का ओ?"

कळत होतं. सगळं कळत होतं, म्हणून तर पायाखालची जमीन सरकली होती. एकाच वेळी स्टेजवर उभं राहायचं आणि स्टेजखाली उभं राहून स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची, अशी वेळ कुणावर आली नसेल.

शेवटचा हात फिरवून बेस मीच गारगोटीला घेऊन येतो, असं सांगून त्यानं तिला वाटेला लावलं. आणि त्या संध्याकाळी रंकाळ्याच्या कठड्यावर बसून अंबादासनं एक फार नीच विचार केला. ऑर्केस्ट्रात बदली बेसवाला होता. टोप आणि गॉगल त्याला चढवला की झाला तो रॉकी. बेसवाल्याचं तोंड बघतंय कोण? शिव्या त्याला बसतील, आणि आपण विशाखाच्या शेजारी उभं राहू. तिचा हातसुद्धा धरता येईल, रागानं थरथरत असेल तर. बेत इतका सोपा होता की तो उठून त्या बदलीवाल्याच्या दारापर्यंत गेला. कडीला हात लावला. आणि तिथं त्याला स्वतःची अशी काही शिसारी आली की पाय घराकडं वळले.

आई चुलीपुढं भाकऱ्या थापत होती. त्याचं तोंड बघून म्हणाली, "कोण हाय ती?"

"कोण, कोण हाय?"

"जिच्यापायी दर म्हैन्याला डोकं भादरतोस ती."

अंबादासनं सगळं सांगून टाकलं. सही, मान, म्हातारबांचं गाणं. नाव सांगितलं, आडनावही सांगितलं. आईचे हात क्षणभर थांबले. पेठेत काय काय बोललं जाईल ते तिच्या डोळ्यांपुढून जात असणार. मग तिनं भाकरी तव्यावर टाकली.

"आमच्यातली, त्यांच्यातली ते मागनं बघू. तिला खरं सांगितलंस का?"

"न्हाई."

"मग तिच्या बानं तुला दारात उभं का करावं, ते आधी मला सांग."

रविवारी सकाळी अंबादास दुकानात गेला. दादासोनं सह्यांसाठी नवे बेस मांडून ठेवले होते, चहाही सांगितला होता. अंबादासनं चहा बाजूला सारला, शिडी घेतली आणि थेट बोर्डावर चढला. 'एकच पसंती' या शब्दांवरून त्यानं पांढऱ्या रंगाचा पट्टा मारला आणि त्यावर लिहिलं : 'मान वाकली असल्यास बेस घेऊन येणे. सरळ करून मिळेल.'

"खुळा झालास का!" दादासो खालून ओरडला. "माझं दुकान बुडवतोस!"

"लाकूड वाळवून घाल. मग वाजवून बघीन, मग सही करीन. तवर एक पण न्हाई."

दादासो बराच वेळ बडबडला. मग बोर्डाकडं बघत शेवटी एवढंच म्हणाला, "अक्षर तरी नीट काढायचं हुतंस."

पुढच्या शनिवारी, गणपतीतल्या कार्यक्रमाची वाट न बघता, अंबादास गारगोटीच्या गाडीत बसला. मांडीवर बेस, पायाशी कापडी पिशवी. पिशवीत टोप आणि गॉगल.

गायन पार्टीची तालीम समाजमंदिरात चालायची. दुपारची उन्हं जाळीतून आत आली होती. पेटीवाला, ढोलकीवाला, दोन कोरसवाले बसले होते. भिंतीला टेकून पांढऱ्या टोपीतले आकाराम कांबळे बसले होते, मांडीवर हात ठेवून, पाहुण्यासारखे. विशाखा आतून स्टीलचे पेले घेऊन आली आणि त्याला बघून तिचं तोंड असं उजळलं की अंबादासला वाटलं, तसंच मागं फिरावं आणि गाडी धरावी.

"बाबा, हेच ते अंबादास. सांगितलं होतं न्हवं?"

"जयभीम," आकाराम म्हणाले. "बसा, पावणं. पोरीकडनं लई ऐकलंय तुमचं."

"जयभीम." तो बसला नाही. बेस त्यानं म्हाताऱ्यापुढं ठेवला. एस.टी.त सगळं भाषण पाठ केलं होतं, पण त्यातला एक शब्द आठवेना. सगळे त्याच्याकडं बघत होते. शेवटी तो खाली वाकला, पिशवीत हात घातला... आणि टोप काढून डोक्यावर चढवला. मग गॉगल लावला.

टोप जरा तिरका बसला होता. कोरसवाल्यातला एक जण फिस्सकन हसला आणि लगेच गप्प झाला. कारण विशाखाच्या हातातला पेला तिरपा झाला होता, चहा फरशीवर सांडत होता, आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

"ही सही माझी हाय," अंबादास म्हणाला. "मी रॉकी. सही केली तवा वाजवून बघितलं न्हाई. एकदा पण न्हाई. हिची बोटं चुकली न्हवती. आणि तुमचा सूर पण गेला न्हवता, बाबा. गेली हुती ती माझी अक्कल. पहिल्या दिवशीच सांगाय पाहिजे हुतं. लाज वाटली. मग सांगितलं न्हाई म्हणून आणखी लाज वाटली. अशी ती वाढतच गेली..."

विशाखानं पेला खाली ठेवला आणि ती बाहेर निघून गेली. त्याच्याकडं न बघता. काळ्या काचेआड अंबादासचे डोळे भरून आले. गॉगलचा एवढाच काय तो उपयोग झाला.

"आधी ते डोक्यावरचं काढा," आकाराम म्हणाले. "म्हणजे मला कळंल, कुणाशी बोलाय लागलोय ते."

त्यानं दोन्ही काढून पिशवीत टाकलं. म्हाताऱ्यानं त्याला नीट न्याहाळलं.

"मला वाटलं वय झालं. गळा गेला. पोरांनी शिट्ट्या मारल्या त्यात त्यांचं काय चुकलं, असं म्हणून गप बसलो बघा. लेकीला पण बोललो न्हाई, तिला वाईट वाटंल म्हणून. आणि ती मला बोलंना." त्यांनी पेटीवाल्याला खूण केली. "काळी दोन धर रं." पेटीचा सूर खोलीभर पसरला. "वाजवा."

"मी?"

"सही आधी केलीसा. वाजवायचं राहिलंय न्हवं?"

अंबादास फरशीवर बसला. आकारामांनी त्याला पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेक सूर दाबायला लावला. प्रत्येक सुराला पेटी, प्रत्येक सुराला थांबून ऐकणं. मान हलली नाही, एकही सूर हलला नाही. आणि वरच्या टोकाला पोहोचता पोहोचता, कुणाला न विचारता, म्हाताऱ्यानं डोळे मिटून आवाज लावला. आधी नुसती गुणगुण होती. मग छातीतून आलेला, थोडा गंजलेला, पण नेमका सूर.

दारात सावली पडली. विशाखा उभी होती. डोळे पुसलेले, नाक लाल. ती सरळ अंबादासपुढं आली.

"उठा. बाजूला व्हा. ते माझं हाय."

तो उठला. ती बसली, बेस मांडीवर घेतला आणि बापाच्या सुराखाली सूर धरला. बोटं हलकी, पडद्याच्या अगदी जवळ. अंबादास भिंतीपाशी उभा राहून ऐकत होता. आकारामांनी गाणं पूर्ण केलं. शेवटच्या ओळीपर्यंत.

नंतर सगळे पांगले. अंबादास पायरीवर एकटा बसला, बेस मांडीवर घेऊन, आणि खिशातून पॉलिशपेपर काढून सहीवर घासणार तेवढ्यात त्याचं मनगट धरलं गेलं.

"हात काढा."

"खोटी हाय ती."

"आज वाजवलासा न्हवं? मग आता खोटी कशी?" ती शेजारी बसली, मध्ये हातभर अंतर ठेवून. रुसवा तसाच होता. "मला सगळ्यात जास्ती राग कशाचा आला सांगू? 'जे हाय ते सरळ' असं मी म्हणले, तवा तुम्ही चहा पीत होता."

"घशाखाली उतरला न्हाई तो चहा."

"उतरला की! सगळा कप संपवलासा. बघितलंय मी."

अंबादासनं मान खाली घातली. ती त्याच्या डोक्याकडं बघत राहिली, आणि मग तिच्या काहीतरी लक्षात आलं.

"थांबा... म्हणजे उष्णता-बिष्णता काय न्हाई?"

"न्हाई."

"मी ओळखू नये म्हणून... दर म्हैन्याला?"

त्यानं मान हलवली. तिनं तोंडावर पदर दाबला. खांदे हलायला लागले. रडते की काय म्हणून तो घाबरला, पण ती हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. मग उठून आत गेली आणि पेटीच्या खोक्यावर पार्टीचं नाव घालायला आणलेला रंग आणि बारीक ब्रश घेऊन आली.

"खाली खरं नाव लिवा."

त्यानं ब्रश घेतला. यावेळी हात थरथरला. 'रॉकी'च्या झोकदार शेपटीखाली त्यानं ब्रश टेकवला, तर ती म्हणाली, "मधोमध न्हाई. कडंला घ्या जरा."

"का?"

"बाजूला जागा राहू दे."

तो सावकाश लिहीत गेला. अंबादास. साधी, सरळ अक्षरं, फराटा नाही. लिहून झाल्यावर त्यानं त्या मोकळ्या जागेकडं पाहिलं. एका नावापुरतीच होती.

"जागा कशाला ओ?"

विशाखा वाकली आणि ओल्या रंगावर हळूच फुंकर घालत म्हणाली, "आधी केस वाढवा. मग सांगते."

त्या महिन्यात अंबादास न्हाव्याकडं गेला नाही.